नको तिथे झिजलेली गिटार

डेट्रॉइट, ३ जून १९७४

ब्रदर हेगूड,

आपली ओळख नाही. मी रोझेल अ‍ॅमन्सची बायको, अर्लीन. रोझेल मार्चमध्ये गेला. फुप्फुसांनी दगा दिला. बेसेमरला कळवायचं राहिलं, कारण कळवायचं कोणाला हेच मला ठाऊक नव्हतं. त्याच्या तोंडून तिकडचं एकच नाव वारंवार यायचं, ते तुमचं. म्हणून तुम्हांलाच लिहिते.

शेवटच्या आठवड्यात त्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, बेथेल स्टार क्वार्टेटची, म्हणजे तुमच्या चौघांच्या गाण्याच्या संचाची, पोकळ अंगाची गिटार त्याच्याकडे आहे, ती परत पाठवायची. दुसरी त्याने सांगितली नाही, मागितली. सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी तुमच्या क्वार्टेटचा वर्धापनदिन असतो आणि त्यात गेलेल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावं चर्चमध्ये वाचतात. त्यात त्याचं नाव वाचलं जावं, एवढीच त्याची इच्छा होती. म्हणाला, "व्हर्डेल हो म्हणाला तर रेव्हरंड वाचतील. व्हर्डेल नाही म्हणाला तर देवानेही सांगून उपयोग नाही."

गिटार बसने पाठवू का, तेवढं कळवा.

अर्लीन अ‍ॅमन्स


बेसेमर, अलाबामा, १७ जून १९७४

सिस्टर अ‍ॅमन्स,

रोझेल गेल्याचं वाचून वाईट वाटलं. वाटलं नाही असं लिहिलं तर खोटं होईल, आणि फार वाटलं असं लिहिलं तर तेही खोटंच.

तुम्हांला त्याने काय सांगितलं देव जाणे, म्हणून मी सांगतो. ती गिटार रोझेलची नव्हती, माझीही नव्हती. आम्ही चौघांनी मिळून घेतली होती. आमच्यातल्या डॉक पिकन्सची बायको शनिवार-शनिवार तळलेल्या माशाची ताटं विकायची, तेव्हा कुठे ती घरात आली. आमचा नियम साधा होता. माणूस क्वार्टेट सोडून जाईल, गिटार जाणार नाही. खाणीतलं काम सुटलं म्हणून रोझेल ५१ साली तिकडे निघाला, तेव्हा मला म्हणाला, "महिनाभर नेतो रे, तिकडच्या चर्चमध्ये चार लोकांत ओळख होईल. मग पाठवतो." त्याला वाजवायला मीच शिकवलं होतं. मी हो म्हणालो. तो महिना अजून संपायचाय.

तेही मी गिळलं असतं. पण ५८ साली डॉक पिकन्स गेला तेव्हा तुमचा नवरा आला होता. झकास कोट घालून मागच्या बाकावर बसला. आमच्यात शवपेटी क्वार्टेटची माणसंच उचलतात. मी सगळ्यांसमोर त्याला हाक मारली, "रोझेल, ये, डावीकडची कडी धर." त्याने डावा हात खिशातून बाहेरसुद्धा काढला नाही. मान हलवली आणि निघून गेला. डॉकने त्याला पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं, सिस्टर. खिशात हात घालून उभा राहिलेला तो माणूस मला अजून दिसतो.

गिटार पाठवा. पण आंधळेपणाने घेणार नाही. मी ती नीट पाहीन, हातात घेईन, वाजवीन. आमची निघाली तर रेव्हरंड स्प्राउलना स्वतः सांगेन, नाव वाचा. दुसरीच काही निघाली तर नाव वाचलं जाणार नाही. इतक्या वर्षांनी अचानक आठवण आली की शंका येतेच.

व्हर्डेल हेगूड


डेट्रॉइट, १ जुलै १९७४

ब्रदर हेगूड,

गिटार आज बसवर चढवली. गोधडीत गुंडाळली आहे. गोधडी परत पाठवायची गरज नाही. आमच्या चर्चचे डीकन ब्लॅकशिअर यांनी नव्या तारा लावून दिल्या आहेत.

पेटीबद्दल तुम्ही लिहिलंत. त्याला कारण होतं. रोझेल गर्विष्ठ नव्हता, एवढंच मी लिहू शकते. जास्त विचारू नका.

तुम्ही पारखून घ्या, माझं काही म्हणणं नाही. मात्र पारखणाऱ्याने निकाल आधीच ठरवलेला नसावा.

अर्लीन अ‍ॅमन्स


बेसेमर, १५ जुलै १९७४

सिस्टर अ‍ॅमन्स,

गिटार पोचली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून आठवडाभर बघतोय. माझी बायको निओमा म्हणते, "लग्नाआधी मला इतकं निरखलं असतंस तर बरं झालं असतं."

आधी रूप सांगतो. मधे पिवळा, कडेला काळपट होत गेलेला रंग, तो बरोबर आहे. पोटावरची दोन लांबट भोकं, फुगीर पाठ, तेही बरोबर. पण त्या साच्यातल्या गिटारी कारखान्याने ढिगांनी काढल्या असतील. आतली कागदी चिठ्ठी आमच्याकडे असतानाच गळून पडली होती, तेव्हा नंबराचा पुरावा नाही. पुरावा एकच, झीज. गिटार मांडीवर घेतली की वाजवणाऱ्याचा उजवा कोपर वरच्या कडेवर टेकतो आणि तिथलं वार्निश उडतं. आमच्या गिटारीचं तिथे उडालेलं होतं, अर्धं माझ्या कोपराने आणि अर्धं रोझेलच्या. इथे तिथे हात फिरवला तर अगदी गुळगुळीत, नवं वार्निश चढवलेलं. आणि उघडं लाकूड कुठे दिसतं? खालच्या कडेला, जी मांडीवर टेकते! माणूस मांडीने वाजवत होता काय?

आता आवाज. आमची गिटार तार छेडली की छातीला लागायची. अ‍ॅम्प लावून आवाज वाढवायच्या आधीच सगळं चर्च जागं व्हायचं. ही वाजवली तर गादीवर थापटी मारल्यासारखा आवाज आला. भोकातून बॅटरी मारून पाहिलं. आत चिंध्या! ठासून भरलेल्या चिंध्या! पोटात तडा गेलाय तो लपवलाय की खुळखुळणारं काही दडपलंय? सिस्टर, गिटारीच्या पोटात चिंध्या भरून देणारा माणूस मला अजून भेटायचा होता.

जे काही असेल ते सरळ लिहा.

व्हर्डेल हेगूड


डेट्रॉइट, २७ जुलै १९७४

ब्रदर हेगूड,

चिंध्या म्हणू नका. ते माझे जुने एप्रन आहेत. आमचं चर्च म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान. रोझेलची खुर्ची अ‍ॅम्पला चिकटून असायची, जागाच तेवढी. पोकळ गिटार अ‍ॅम्पच्या तोंडाशी आली की ती आपणहून किंचाळायला लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको. एकदा रेव्हरंडांच्या प्रार्थनेच्या मध्यावर अशी ओरडली की एका म्हातारीला वाटलं, अंत जवळ आला. तेव्हापासून रोझेलने तिच्या पोटात एप्रन कोंबले. तडा लपवलेला नाही. काढून बघा. बेथेल चर्च मोठं आहे म्हणून तुम्हांला असली गरज पडली नसेल.

झिजेचं विचाराल तर माणूस वीस-बावीस वर्षं एखादी वस्तू वापरतो, ती कुठेही झिजते. वार्निशही त्यानेच कधीतरी दिलं होतं. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

पण आता मला एक विचारायचंय. ही तुमची गिटार नाही असं तुमचं म्हणणं, मग ती परत पाठवायची भाषा तुमच्या पत्रात कुठेच कशी नाही? माझा नवरा दोषी ठरवायचा आणि गिटारही ठेवून घ्यायची, असा बेत तर नाही ना? इकडेही लोकांना शंका येतात, ब्रदर हेगूड.

अर्लीन अ‍ॅमन्स


बेसेमर, १० ऑगस्ट १९७४

सिस्टर अ‍ॅमन्स,

तुमचं पत्र निओमाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाई खमकी आहे." मी म्हणालो, "लबाडही असू शकते." ती म्हणाली, "मग तुझं आणि तिचं जमेल."

एप्रन काढले. लांब चिमट्याने एकेक काढताना दुपार गेली. तडा नव्हता, ते खरं निघालं. मग तार छेडली. सिस्टर, लपवत नाही, मी पुन्हा छेडली. जाड तारेचा तोच खर्ज. निओमा भांडी टाकून दारात आली आणि म्हणाली, "व्हर्डेल, हीच ती." मीही क्षणभर तेच म्हणालो. पण कान म्हातारे झाले की त्यांना जे हवं तेच ऐकू येतं, म्हणून मी वाजवायला बसलो. आणि तिथे सगळं फिसकटलं.

दांडीच्या वरच्या टोकाला हाडाची पट्टी असते ना, तिच्या खाचांतून तारा खाली येतात. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला बारीक. या गिटारीत जाड तार खाचेत बसतच नाही, वर तरंगते. तिला दाबता दाबता बोटं दुखून आली. बारीक तार रुंद खाचेत पडून खुळखुळ करते. पोटावरची घोडीही उलट्या तिरकेपणाने बसवलेली आहे. म्हणून वरच्या पडद्यांत सूर लागले तरी खाली गेलं की सगळे बेसूर. पट्टा अडकवायची खुंटीसुद्धा दुसऱ्याच बाजूला, नवं भोक पाडून. खालच्या कडेची ती झीज यांच्या शेजारी ठेवा आणि तुम्हीच सांगा.

मी सांगतो. ही डावखुऱ्या माणसाची गिटार आहे. त्याने ती वर्षानुवर्षं उलटी धरून वाजवली. घाईघाईत तारा तेवढ्या सुलट्या करून कोणीतरी मला पाठवली, खाचा बदलायचं भान राहिलं नाही. रोझेल डावखुरा नव्हता. त्याला मी शिकवलंय. त्याचा डावा हात पडद्यांवर जसा धावायचा तसा माझा कधी धावला नाही, आणि ते मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

तेव्हा आमची गिटार त्याने विकली असेल किंवा हरवली असेल, आणि मरताना मन खाल्लं म्हणून ही दुसरी. तुम्ही जाणूनबुजून केलं असं म्हणत नाही. तुम्हांलाही त्याने फसवलं असेल. ही परत पाठवीन, भाडं माझं. पण काल मी रेव्हरंड स्प्राउलना सांगून टाकलं, अ‍ॅमन्सचं नाव वाचू नका.

व्हर्डेल हेगूड


डेट्रॉइट, २० ऑगस्ट १९७४

ब्रदर हेगूड,

गिटार परत पाठवू नका. तुम्ही बरोबर ओळखलंत, ती डावखुऱ्या माणसाची आहे. तो डावखुरा माणूस रोझेलच होता.

मी त्याला शब्द दिला होता की बेसेमरमध्ये हे कोणाला कळणार नाही. पण तो शब्द पाळायचा म्हणजे त्याचं नाव कायमचं बुडवायचं. तुमचं पत्र तीन रात्री उशाशी घेऊन झोपले आणि शेवटी त्याला म्हटलं, माफ कर, मी सांगणार.

तो इथे आला आणि मोटारीच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या प्रेसवर लागला. महिन्याभरात गिटार पाठवायचीच होती, खोका आणून ठेवला होता. त्याच आठवड्यात प्रेस खाली आली तेव्हा त्याचा डावा हात आत होता. अंगठा राहिला आणि पहिल्या बोटाचं एक पेर. बाकी सगळं गेलं. ज्या हाताबद्दल तुम्ही लिहिलंत, तोच हात.

पुढे आमचं लग्न झालं तेव्हा मी म्हणाले, "त्यांना कळव, गिटार पाठवून दे." तो म्हणाला, "पाठवली तर का, ते सांगावं लागेल. तिथे मी अजून दोन हातांचा आहे. राहू दे मला तिथे तसाच." मग ती गिटार पलंगाखाली गेली. दोन वर्षं तो चर्चमध्ये गायलाही उभा राहिला नाही. मी लाँड्रीत कामाला जायची. एक दिवस लवकर घरी आले तर हा भिंतीकडे तोंड करून बसलेला, गिटार उलटी धरलेली, उजव्या हाताने पडदे दाबतोय आणि त्या उरलेल्या अंगठ्याने तार ओढतोय. एकच सूर, पुन्हा पुन्हा. चार वर्षांचं पोरही बरं वाजवील असं. मी पाऊल न वाजवता जिन्यात जाऊन बसले आणि अंधार पडेपर्यंत वर गेले नाही. खाचा त्यानेच कानशीने घासल्या. घोडी त्यानेच फिरवली. पहिलं गाणं धड वाजायला किती काळ गेला ते विचारू नका. पण वाजलं, ब्रदर हेगूड. चपलांच्या त्या दुकानात लोक उभे राहून रडले. वरच्या कडेवर वार्निश त्याने मागाहून दिलं. म्हणाला, "ही व्हर्डेलच्या कोपराची जागा आहे, हिला आणखी झिजू द्यायचं नाही."

आता पेटीचं. तो डॉक पिकन्सना खांदा द्यायलाच आला होता. बसमध्ये त्याला वाटलं होतं, उजवीकडची कडी मागून घेईन, कोणाला कळणार नाही. पण तुम्ही सगळ्यांसमोर डावीकडची सांगितलीत. कडी धरायला बोटंच नव्हती. घरी आला आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून म्हणाला, "व्हर्डेल माझ्याकडे बघत होता, अर्लीन." कोट अंगातून काढला नाही, तसाच बसून राहिला.

तारा मी सुलट करून घेतल्या. मला वाटलं, तेवढ्याने भागेल. खाचांचं मला काय कळतंय?

गिटार तुमचीच आहे. पुढचं तुम्ही ठरवा.

अर्लीन


बेसेमर, ११ सप्टेंबर १९७४

अर्लीन वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र आलं तेव्हा मी ओट्यावर बसून वाचलं. निओमाने विचारलं, "काय लिहिलंय?" मी पत्र तिच्या हातात दिलं. ती वाचून आत गेली आणि त्या दिवशी मला एकही टोमणा मारला नाही. त्यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी मी तारा पुन्हा उलट्या लावल्या, रोझेलच्या पद्धतीने, घोडी त्याने बसवली होती तशीच ठेवली. जाड तार रुंद खाचेत अशी बसली की खुळखुळ नाही, काही नाही. वरच्या पडद्यापासून शेवटच्या पडद्यापर्यंत प्रत्येक सूर जागच्या जागी. मी महिनाभर ज्या गिटारीला नावं ठेवली, तिच्यात खोट नव्हतीच. इतकी सुरेख जुळवलेली गिटार माझ्या हातात आजवर आली नाही. मग ती उलटी धरून बसलो. माझी दहाही बोटं शाबूत आहेत, वहिनी, आणि दहा दिवसांत मला एक साधा कॉर्ड धड दाबता आला नाही. उजवा हात पडद्यांवर लाकडासारखा पडून राहायचा. मी शिकवलेल्या पोराने हे भिंतीकडे तोंड करून, एकट्याने केलं, आणि मी इथे लोकांना त्याच्या खिशातल्या हाताची गोष्ट सांगत होतो. मला स्वतःची लाज वाटते. कोणापुढे म्हणवत नाही, तुमच्यापुढे म्हणतो.

रेव्हरंड स्प्राउलकडे गेलो. म्हणालो, "अ‍ॅमन्सचं नाव घाला." ते म्हणाले, "ब्रदर हेगूड, आधी नको म्हणालात, आता हो. गिटार पटली वाटतं?" मी म्हणालो, "गिटार पटली. मी मला पटत नाहीये." हाताबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही. निओमाला माहीत आहे, ती मेली तरी बोलणार नाही. रोझेलला बेसेमरमध्ये दोन हातांचा राहायचं होतं, तर तो राहील. कोणी विचारलं तर मी सांगतो, गिटार आमचीच आहे, ओळखायला मी चुकलो.

गिटार चर्चमध्ये नेऊन वेदीच्या बाजूच्या खुर्चीवर ठेवली होती, तारा तशाच उलट्या. हल्ली वाजवणारा पोरगा म्हणाला, "सर, या सुलट्या करून घेऊ का?" मी त्याच्याकडे असं बघितलं की तो आपली गिटार घेऊन दुसऱ्या टोकाला गेला.

आता रविवारचं. आमच्याकडे नाव वाचलं की त्या माणसाच्या घरचं कोणीतरी उभं राहतं आणि "हजर" म्हणतं. घरचंच माणूस लागतं. डॉक पिकन्सचं नाव आलं, त्याची मुलगी उभी राहिली. आणखी नावं झाली. मग रेव्हरंडांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "रोझेल अ‍ॅमन्स." इतकी वर्षं माझ्या तोंडून त्याच्याबद्दल काय काय ऐकलेले लोक सगळे माना वळवून माझ्याकडे बघायला लागले. घरचं माणूस कोणी नव्हतं. तुम्ही तिकडे, आणि इकडे त्याचं दुसरं कोणी नाही. नियमाप्रमाणे रेव्हरंडांनी थोडं थांबून पुढचं नाव घ्यायचं. त्यांनी कागदावर बोट पुढे सरकवलंही.

मी उभा राहिलो. म्हणालो, "हजर." आवाज नको इतका मोठा आला. कोणी म्हणालं नाही की हा त्याच्या घरचा नाही.

पुढच्या वर्षी तुम्ही या. बसवर घ्यायला मी येईन.

तुमचा थोरला दीर,
व्हर्डेल